हातमोज्यांवरची हळद

आमी राहतो ती खोली चर्चच्या पाठीला चिकटून हाये. चर्च बोलायचं नाय असं नवरा मला दर वेळेला सांगतो, लॉज बोल, लॉज. पण दगडाची टोकदार इमारत, वर मनोरा, मनोऱ्यात घंटा, ते बघून माझ्या तोंडात चर्चच येतं. शहापूरच्या पुढं रेल्वेच्या गोऱ्या साहेबांची वसाहत होती, त्यांनी बांधलेलं ते. गोरे गेले, मंग ते बंद पडलं, मंग ह्या लॉजवाल्यांनी घेतलं, ती पण सासऱ्याच्या लहानपणाची गोष्ट. शेंड्यावरचा दगडी क्रूस काढला त्याचा नुसता बुडखा उरलाय, आणि दारावर गवंड्याचा गुण्या नि शाळेच्या कंपासपेटीत असतो तसला कर्कटक कोरलाय.

हे राहायचं लॉज नाय. आत मोठ्या मोठ्या खुर्च्या हायेत, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी हाये, वर निळ्या रंगात चांदण्या काढल्यात. महिन्यातून एकदा कल्याण, नाशिककडून साहेब लोक गाड्या घेऊन येतात, काळे कोट, पांढरे हातमोजे, आणि दार लावून घेतात. आत काय करतात ते जो त्यांच्यातला नाय त्याला सांगत नाय. एकमेकांना भाऊ बोलतात. गावात ह्याला जादूघर बोलतात, आत माणसाची कवटी ठेवलीय असं पण बोलतात. एसटीच्या थांब्याकडं जाणाऱ्या बायका आमच्या फाटकासमोर आल्या का बोलणं बंद करून भराभर चालतात. लग्न झाल्यावर बाजाराला ह्या वाटेनं आली का मी पण तशीच चालायची. मंग नवऱ्याला तिथंच वॉचमनचं काम लागलं आणि मी फाटकाच्या आत आली.

आत आली म्हणून भीती गेली असं नाय. झाडू मारताना मी त्या चांदण्यांकडं बघत नाय, खाली फरशीकडं बघते, फरशीचं चक्कर आलं का दाराकडं बघते. मला तसा पण दम लागतो. रगत कमी हाये, लहानपणापासनं. मुरबाडच्या आश्रमशाळेत होती तेव्हा प्रार्थनेला उभी राहिली का डोळ्यापुढं काळं यायचं. आठवीत शाळा सुटली. आई-बापाचं घर वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, माळशेजच्या रस्त्यापासनं आत, तिथनं डोळखांबच्या पाड्यावर दिली मला, आणि डोळखांबहून इथं.

खोली लहान हाये पण कोरडी हाये. भिंती येवढ्या जाड का बाहेर पाऊस पडतो का नाय ते कळत नाय. पाद्री लोक आधी तिथं कपडे बदलायचे म्हणतात. त्या खोलीसाठीच हे सगळं सांगतेय.

ह्याच्या आधीचं माझं पोट वीटभट्टीवर गेलं. दिवाळी झाली का मुकादम जोड्या घेऊन भिवंडीकडं जातो, नवरा-बायको मिळून एक जोडी, आमी पण गेलेलो. मी चिखल तुडवत होती. त्याच्यावर मी जास्त काय बोलणार नाय. दुसऱ्या वेळेला नवरा बोलला, ह्या वेळेला भट्टी नाय, आणि त्यानं हे वॉचमनचं काम धरलं. आणि तरी पण बाळ लवकरच आलं. माहेरी जायचं ठरलेलं, पिशवी भरून ठेवलेली, आणि गणपती गेले त्याच आठवड्यात एकशेआठची गाडी बोलवावी लागली. मुलगा झाला. माझ्या तळहातापासनं कोपरापर्यंत आला, येवढाच. शहापूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण बोलली, ह्याला ऊब पायजे, कोरडं पायजे, धूर अजिबात नको, दर आठवड्याला वजनाला आण. धूर नको बोलल्यावर मला भट्टीच दिसली डोळ्यासमोर.

घरी आलो तर लॉजचा निरोप. निरोप आणला तलवारवाल्या बाबांनी. ते लॉजमधलेच एक, म्हातारे, रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. बाकीचे साहेब गाडीतनं येऊन गाडीतनं जातात, हे तेवढे चालत येतात. किल्ल्या त्यांच्याकडं, आमचा पगार त्यांच्याकडनं. सभा चालू असताना हे दाराच्या बाहेर नागवी तलवार धरून उभे राहतात, म्हणून तलवारवाले बाबा. ते खोलीच्या उंबऱ्याबाहेरनंच बोलले, "कमिटीत बोलणं झालंय. वॉचमन ठेवायचा, पण पोरंबाळं नकोत असं दोघा-तिघांचं म्हणणं आहे. सभेत शांतता लागते. वार्षिक सभा होऊ दे, पाहुणे येणार आहेत बाहेरचे. त्या दिवशी सगळं व्यवस्थित झालं तर मला काहीतरी बोलता येईल. नाही झालं तर मी एकटा काय करणार."

नवऱ्यानं मान हलवली. मी बाळाकडं बघितलं. ते झोपेत श्वास भरभर घेत होतं, पाठीवर कोणी बसल्यासारखं.

बाबांनी हातातलं गाठोडं ठेवलं. हातमोजे. सभेच्या आधी धुऊन, खळ लावून, इस्त्री करून द्यायचे, ते काम माझंच असायचं. नेहमी मी मागच्या नळाशी धुवायची. तिथं एक दगडी डोणी हाये, आठ कोनांची, खाली खांबासारखा पाय, बुडाला भोक. भोकात चिंधीचा बोळा घातला का पाणी राहतं. वाकायला लागत नाय, कंबरेपर्यंत येते. धुण्यासाठीच केल्यासारखी.

पण ह्या वेळेला माझी सोयर चालू होती. बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीनं देवाच्या वस्तूला हात लावायचा नाय. सासू डोळखांबहून बाळंतपण करायला आलेली, ती लगेच दारात आडवी आली.

"गो, तू नको हात लावू. देवाची जागा हाये ती."

"आये, देव नाय आता. लॉज हाये."

"तुला कोणी सांगितला देव गेला म्हणून?"

नवरा खुर्च्यांना पॉलिश करत होता, दोन्ही हात काळे, तो बोलला, "आये, मंग तूच धू."

"मी? मी नाय धूत बाबा. कवटीला लावलेले हात ते." सासूनं गाठोड्याकडं लांबनंच बघितलं. "येवढे शिकलेले बाप्ये, हातमोजे घालून आत करतात काय? भाकऱ्या थापतात?"

बाबा तिथंच उभे. मला वाटलं आता संपलं. पण ते हसले बहुतेक, मिशी हलली. सासूला काय, तोंड उघडलेलं, तिनं त्यांनाच विचारलं, "बाबा, खरं सांगा. ह्याच्यात देव हाये का नाय? असला तर ही सून हात लावणार नाय. नसला तर लावील. येवढंच सांगा."

बाबांनी हातातल्या किल्ल्यांकडं बघितलं. मंग बोलले, "नाही. निरोप दिला होता त्याला. रीतसर. पाद्री मुंबईहून आला होता."

"देवाला निरोप? गणपतीसारखा?"

"तसंच समजा."

"आणि तुमी सगळे भाऊ-भाऊ, तर भांडत कसे नाय?"

"भांडतो ना. दार लावून भांडतो."

सासू हसली. मंग परत, "आणि तुमी तलवार घेऊन बाहेर कशाला?"

"परकं माणूस आत जाऊ नये म्हणून."

"सगळे भाऊ आत आणि तुमी बाहेर. म्हंजे परके तुमीच झाले."

बाबांनी किल्ल्या खिशात घातल्या आणि गेले. नवरा सासूवर ओरडला, नोकरी घालवशील. सासू बोलली, "देव नाय हाये ना? मंग धू दे तिला. मला काय."

सकाळी मी धुवायला घेतले. आदल्या दिवसापासनं सोड्यात भिजत घातलेले. सासू मला नि बाळाला दोन वेळा हळद-तेल लावून चोळायची, माझे हात कोपरापर्यंत पिवळे, पण मी राखेनं घासून घासून धुतले होते, नखात तेवढी राहिली असंल. उभं राहवत नव्हतं. कंबर अशी, का कोणी काढून परत बसवलेली. एक हातमोजा चोळायचा, डोणीला टेकायचं, श्वास घ्यायचा, दुसरा घ्यायचा. डोळे मिटून चोळत होती बहुतेक. कारण डोळे उघडले तेव्हा पाण्यात सगळे हात लाल.

सगळे नाय, पण बरेच. बोटांवर, अंगठ्याच्या खोबणीत, तळव्यावर. जसं काय आत हात होते आणि ते कापले गेले. पहिल्यांदा वाटलं माझंच रगत. मी गाऊन बघितला, पाय बघितले. नाय. मंग कळलं, हळद. हळदीला सोडा लागला का लाल होते, लग्नाच्या साडीचं होतं तसं. कळलं, पण परत पाण्यात हात घालवेना. कळणं डोक्यात असतं आणि भीती पोटात, आणि माझं पोट तर नुकतंच रिकामं झालेलं.

सासू धावत आली. बघितलं आणि डोक्याला हात लावला. "बोलला गो तो. नाय हाये, नाय हाये बोलतात, आणि हाये."

"आये, हळद हाये ती. सोड्यानं लाल होते."

"मला ठावं नाय का? म्हातारी झाली मी हळदीत. हळदच हाये." मंग हळूच, "पण येवढी लाल करायला कोण सांगत होता तिला?"

सभा रविवारी. खंगाळून, लिंबू चोळून लाल गेलं आणि खाली पिवळं उरलं. पिवळं काढायला ऊन पायजे, दुसरं कायच चालत नाय, आणि भादव्याचं ऊन आलं आलं म्हणेपर्यंत जातं. मागच्या अंगणात तर मनोऱ्याची सावलीच बसलेली असते. मी दोरीवर टाकले, सावली आली. दोरी सोडून कुंपणावर टाकले, तिथं पण आली. बाळ रडलं का आत जायचं, पाजायचं, दूध धड येत नव्हतं, तो ओढून ओढून थकायचा आणि मी पण, मंग परत बाहेर, परत हातमोजे उचलायचे, परत दुसरीकडं पसरायचे. नवरा बोलला, राहू दे, होईल ते होईल. मी बोलली, होईल ते होईल म्हणजे काय होईल ते तुला माहीत हाये. मुकादमाचा फोन येऊन गेलेला त्याला, मला सांगितलं नव्हतं पण मी ऐकलेलं.

शेवटी दुपारी बघितलं तर पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर झक्क ऊन. मोठ्या दगडी पायऱ्या, रुंद, मनोऱ्याची सावली तिथं दुपारची पोचत नाय. पुढच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाय असं पहिल्या दिवशीच सांगितलेलं. मी घातले. पायरीपायरीवर, तळवे वर करून, एकाशेजारी एक. आणि खालच्या पायरीवर बसली, कारण उभं राहायचं त्राण नव्हतं. थांब्याकडं जाणाऱ्या दोन बायका फाटकातनं आत बघत थांबल्या. पायऱ्यांवर नुसते हात, सगळे आभाळाकडं पसरलेले, मधे मी बाळंतीण, केस सुटलेले. त्या पळाल्याच. एकीची चप्पल राहिली, ती घ्यायला पण परत आली नाय. मला हसू यायला पायजे होतं.

आणि त्याच फाटकातनं तलवारवाले बाबा आले.

मी उठायला गेली तर उठता येईना. ते पायऱ्यांपाशी थांबले. खाली वाकून एक हातमोजा उचलला, फिरवून बघितला, ठेवला. विचारलं फक्त, "नवरा कुठंय?" मी बोलली, मागं. ते मागं गेले आणि तेव्हा मला आठवलं का मागं सासू बाळाला आंघोळ घालतेय. डोणीत. गरम पाणी ओतून, त्याच डोणीत, रोज तिथंच घालत होती ती, पायांवर घ्यायला तिच्या गुडघ्याला त्रास होता म्हणून. मी उठली, भिंतीला धरून धरून गेली.

बाबा डोणीपासनं चार हातांवर उभे. सासू बाळाच्या डोक्यावर ओंजळीनं पाणी सोडतेय, कपाळावर आडवा हात धरून, डोळ्यात जाऊ नये म्हणून. बाळ रडत नव्हतं. डोळे टक्क उघडे. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं घाम पुसायला काढली. पण पुसला नाय घाम, नुसती हातात धरून राहिले.

"ह्यात माझ्या डोक्यावर पाणी घातलं होतं," ते बोलले.

सासू तशीच थांबली. "काय बोललात?"

"ही आत होती. दारातनं शिरलं की डाव्या हाताला. पोर झालं की हिच्यापाशी आणायचे, पाद्री डोक्यावर पाणी घालायचा, नाव ठेवायचा. माझं इथंच ठेवलं. माझ्या भावांचं पण."

"तुमी किरिस्ताव?"

"हो."

नवरा, मी, सासू, आमी तिघांनी एकमेकांकडं बघितलं. येवढी वर्षं सगळं गाव त्यांना लॉजवाला बोलत होतं, कोणाला माहीत नव्हतं. सासू बोलली, "मंग देवळातले तुमी, ह्या जादूवाल्यांत कसे गेलात?"

ते डोणीच्या कडेवर बसू का नको असं करून शेवटी नळाच्या ओट्यावर बसले. "गोरे गेले तेव्हा आमची थोडी घरं होती. मग पोरं मुंबईला गेली, कोण मीरा रोडला, कोण वसईला. रविवारी आम्ही आईबाप नि भावंडं, आणि पाद्री. मग पाद्री पण यायचा बंद झाला. शेवटच्या दिवशी निरोपाची प्रार्थना झाली तेव्हा मेणबत्ती माझ्या हातात होती. मग लॉजनं घेतलं. मी नोकरीत होतो, रोज गाडीतनं हा मनोरा दिसायचा. मग एकदा आलो नि म्हटलं, मला घेता का." जरा थांबले. "दार तेच होतं ना."

सासूला त्याच्यातलं एवढंच लागलं. "निरोप दिला तेव्हा ही डोणी आत होती का बाहेर?"

बाबांना आठवेना. त्यांनी खरंच आठवून बघितलं, डोळे बारीक करून. "बाहेर काढली होती आधीच, मला वाटतं. हिच्यासाठी कोणी काही बोललं का... नाही सांगता येत."

"अगो बाई!" सासूनं बाळ एकदम उचललं, ओलंच छातीशी धरलं. "म्हंजे बाकीच्याला पाठवला आणि ह्याच्यातला ऱ्हायला! आणि आमी ह्याच्यात लंगोट धुतोय!"

ते लाल हात परत डोळ्यासमोर आले. मी बोलली, "बाबा, आमाला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. "राहिला असेल तर पोरांसाठीच राहिला असेल," ते बोलले. "तेव्हा दुसऱ्या कशाला कधी वापरलीच नाही ती." मंग उठले आणि एकदम आधीसारखे झाले. "रविवारपर्यंत हातमोजे पांढरे पाहिजेत. आणि पायऱ्यांवरनं उचला ते, कमिटीचं कोणी बघितलं तर माझी पंचाईत. तीन वाजेपर्यंत ठेवा, मग उचला."

शनिवारी बाळाचं बाराव्या दिवसाचं झालं, नाव ठेवलं, सोयर फिटली, सासूनं पाच बायका बोलवायच्या तर जादूघरात कोणी येईना. थांब्याजवळची एकच आली, ती पण चप्पल न्यायला. सासूनं तिलाच बसवली, तिचीच ओटी भरली.

हातमोजे पांढरे झाले. एक जोडी सोडून. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी डाग राहिला, फिकट, गुलाबीसर, जवळनं बघितलं तरच दिसणारा. मी सगळ्यात खाली ठेवली, वर दुसऱ्या ठेवल्या, मंग वाटलं खाली ठेवलेली कोणत्या तरी मोठ्या साहेबाच्याच हातात जाईल, म्हणून काढून वेगळी धरली आणि बाबा आले तेव्हा सरळ दाखवली. त्यांनी जोडी घेतली आणि स्वतः घालायला सुरुवात केली. "मी बाहेर असतो," ते बोलले. "मला कोण बघतंय."

रविवारी आवारात गाड्याच गाड्या. फाटकापर्यंत लावलेल्या. आमी ठरवलेलं, मी नि सासू बाळाला घेऊन खोलीत दार लावून बसायचं, रडायला लागला का छातीला लावायचं. दुपारी त्यांचं दार लागलं. आधी काय तरी गाणं, पेटी, मंग सगळं गप. येवढं गप का माझा श्वास मला ऐकू येत होता.

बाळ रडलं. छातीला लावलं, त्यानं ओढलं, दूध नाय आलं, त्यानं तोंड बाजूला केलं आणि अशी काय किंकाळी मारली, तो येवढासा. सासूनं घेतलं, झुलवलं, हळू आवाजात काय काय बोलली. तो लालबुंद. आमच्या खोलीच्या आणि त्यांच्या सभेच्या मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीत वरती जुना झरोका हाये. मला तो झरोकाच दिसत होता. मी बाळाला ओढून घेतलं आणि निघाली. सासू बोलली, कुठं चालली गो, मी बोलली, रस्त्यावर. लांब. आवाज जाणार नाय तिथपर्यंत.

मागनं रस्त्यावर जायला वाट नाय. इमारतीला वळसा घालून पुढच्या दारासमोरनंच जावं लागतं. मी पळायला लागली आणि वळणावरच दम संपला. डोळ्यापुढं काळं आलं तसं शाळेत यायचं. गाड्यांच्या मधनं वाट सापडेना. एका गाडीला धरून उभी राहिली, आणि तो रडतोय, रडतोय. समोर पायऱ्यांवर तलवारवाले बाबा, काळा कोट, हातात तलवार, पाठीमागं बंद दार.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाय जमत. काय नाय जमत ते मला पण सांगता आलं नसतं.

आणि आतनं दार वाजलं. टक टक टक. आतनं कोणी तरी लाकडानं ठोकलं, मोठ्यानं. बाळ जरा दचकलं आणि परत चालू झालं. आता बाहेर येतील, मला वाटलं. आता दार उघडंल आणि काळे कोट बाहेर येतील आणि मी इथंच, पोर घेऊन, केस सुटलेले. मला मुकादमाचा ट्रक दिसला, खरंच दिसला, मागं बसलेल्या बायका पण दिसल्या.

बाबा दाराकडं वळले. तलवार डाव्या हातात घेतली. उजवी मूठ वर केली, अंगठ्याजवळचा तो फिकट डाग मला तिथनं पण दिसला, आणि दारावर ठोकलं. टक टक टक. सावकाश. जसं आपण आपल्याच घराचं दार वाजवतो.

आतनं परत काय नाय आलं. मंग पेटी वाजायला लागली, आणि गाणं, सगळ्यांचं मिळून, जाड आवाजाचं. त्याच्यात बाळाचं रडणं बुडालं. बाबांनी मला पायऱ्यांकडं बोट दाखवलं, बस. मी बसली, खालच्या पायरीवर, ऊन होतं तिथंच, पदरासारखी ओढणी घेतली आणि छातीला लावलं त्याला. ह्या वेळेला त्यानं धरलं. का धरलं माहीत नाय. ऊन लागलं असंल पाठीला.

मी विचारलं, हळू, "आतनं काय विचारलं?"

बाबा समोर बघत होते, फाटकाकडं, त्यांचं काम तेच. "विचारतात, बाहेर कोण आहे. परकं कोणी आहे का."

"मंग?"

"सांगितलं. परकं कोणी नाही."

संध्याकाळी गाड्या गेल्या. काळ्या कोटातले एक साहेब जाताना माझ्या मांडीवरच्या बाळाकडं बघून थांबले, नाव काय ठेवलं विचारलं, मी सांगितलं, ते बोलले छान, आणि गेले. नवऱ्यानं धीर करून बाबांना विचारलं, खोलीचं काय ठरलं. बाबा तलवारीला तेल लावून म्यानात घालत होते.

"विषयच निघाला नाही," ते बोलले.

"मंग आमी..."

"विषय निघाला नाही म्हणजे राहा. पुढच्या वर्षी निघाला तर बघू."

नवरा खुश झाला. सासू तर लगेच डोळखांबला फोन लावायला गेली, मोठमोठ्यानं बोलत. मला काय वाटलं नाय. मला फक्त झोपायचं होतं, कुठं पण, उभ्या उभ्या पण. पण बाबांनी गाठोडं परत माझ्याकडं दिलं, घामानं ओले, रश्शाचे डाग पडलेले हातमोजे, आणि वर त्यांची ती जोडी.

मी मागं गेली. बोळा घातला, पाणी सोडलं. हात घालायच्या आधी डोणीच्या कडेला हात लावून कपाळाला लावला, कोणाचा देव ते न विचारता. आणि मंग लंगोट आधी धुतले, वेगळ्या बादलीत, आणि हातमोजे नंतर.